पास्त्याच्या जागी पडवळ

आमच्या घरात पास्ता शिरला तो पाहुण्यांच्या पोरांमुळे. तारकर्लीला आमची न्याहारी-निवासाची तीन खोल्यांची व्यवस्था आहे. मोठी माणसं सुरमईचं ताट, कोंबडी-वडे मागतात. मुलं मात्र दुसऱ्या दिवसापासून माशाकडे बघून तोंड फिरवतात आणि मग एखादी आई संकोचत विचारते, "ताई, पास्ता जमेल का हो?" तसा तो मी शिकले. सगळं आवरल्यावर रात्री साडेनऊला पातेल्यात जो उरायचा तो माझा. आधी उरलेला खायचे, पुढे पुढे उरावा म्हणून दोन मुठी जास्तच घालायला लागले.

खरं तर ही ओढ जुनी आहे. लहानपणी आई शिरवाळे करायची. तांदळाच्या पिठाचे वाफाळते गोळे लाकडी साच्यात घालून वरून जोर द्यायचा आणि खालून पांढरे धागे सुपावर उतरायचे. नारळाच्या दुधात गूळ-वेलची घालून केलेला रस त्यावर ओतला की मी तीन ताटल्या संपवायचे. मला आवडतात ते हे लांब, मऊ, रस धरून ठेवणारे धागे. ते तांदळाचे की गव्हाचे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

तो पडला जानेवारीत. मधुमेह मला चार वर्षांपासून आहे, पण या वेळी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ८.१ आली. डॉक्टरांनी रात्रीच्या जेवणाआधी ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी वाढवली आणि विचारलं, "रात्री काय खाता?" मी सांगितलं. म्हणाले, "वाडगाभर म्हणजे किती ग्रॅम?" मला सांगता येईना. घरी येऊन वजनकाट्यावर माझ्या नेहमीच्या अंदाजाने कोरडा पास्ता ओतला, तो भरला ११० ग्रॅम. पाकिटावर लिहिलेलं, १०० ग्रॅमला ७५ ग्रॅम कर्बोदकं. म्हणजे रात्री साडेनऊनंतर मी ऐंशीहून जास्त ग्रॅम कर्बोदकं पोटात ढकलून झोपायला जात होते.

त्या रात्री मुद्दाम तेवढाच खाल्ला. जेवणाआधी साखर १३२, पहिल्या घासापासून दोन तासांनी २४७. पाहुण्यांच्या नोंदीची एक जुनी वही अर्धी कोरी होती, तिच्यात हे दोन आकडे लिहिले. पुढचे सहा महिने जे जे करून पाहिलं त्याचा न्याय या वहीनेच केला. डॉक्टरांनी मर्यादा घालून दिली होती, जेवणानंतर दोन तासांनी १८०च्या आत.

पहिली मदत मुलाने केली. त्याने पुण्याहून शिराताकी नावाच्या जपानी नूडल्सची चार पाकिटं पाठवली. दोनशे ग्रॅमच्या एका पाकिटाला दोनशेच्या वर रुपये, म्हणजे रोजच्या खाण्यातली गोष्टच नव्हे. या नूडल्स कोंजॅक नावाच्या कंदापासून करतात. त्या कंदात ग्लुकोमॅनन नावाचा तंतू असतो. तो आपल्या आतड्याला पचत नाही, म्हणून साखर जवळजवळ वाढत नाही. पीठ पाण्यात फुगवून ते घट्ट बसावं म्हणून चुन्याची निवळी घालतात. बाकी वजनाच्या शंभरातले सत्त्याण्णव भाग पाणीच. जपानीत शिराताकी म्हणजे पांढरा धबधबा. जुलैत आंबोलीला कड्यावरून उतरणारे ते बारीक बारीक पाट ज्याने पाहिलेत, त्याला नाव लगेच पटेल.

पाकीट फोडलं आणि सासूबाई पडवीतून आत आल्या. "खंयचे मासे गो हे? जुने झालेत काय?" वास खरंच शिळ्या माशासारखा होता. पाकिटावर नुसतं 'धुऊन घ्या' लिहिलं होतं, तेवढं पुरत नाही. तिसऱ्या पाकिटाला मला रीत सापडली. रोवळीत घालून वाहत्या पाण्याखाली हाताने चोळायच्या, मग उकळत्या पाण्यात तीन मिनिटं ठेवायच्या आणि निथळून बिडाच्या तव्यावर तेलाचा थेंबही न घालता परतायच्या. आधी भरपूर वाफ येते, मग वाफ थांबते आणि धागे तव्याला घासून चुंई-चुंई आवाज करू लागतात. तो आवाज आला की वास गेलेला असतो. वहीत लिहिलंय, आधी १२८, नंतर १३९. साखरेच्या दृष्टीने यापुढे कुणी जाणार नाही. पण दाताखाली ते रबरी लागतं आणि रस आत शिरत नाही, वरून घसरतो. टोमॅटोचा रस एकीकडे, धागे दुसरीकडे. जेवले, पण समाधान झालं नाही.

कोंजॅक हा आपल्या सुरणाचा सख्खा भाऊ, दोघांचं कूळ एकच, हे कळल्यावर मात्र मी हरखले. सुरण तर परसात! चिंचेच्या पाण्यात ठेवून खाज काढली, लांब काप केले, उकडले. अर्धे तुटले आणि साखर चढली १९१ला. भावाचे गुण भावात असतीलच असं नाही. सुरणात तो तंतू भरायच्या जागी पिष्ट भरलेलं असतं. पास्त्यापेक्षा कमी, पण माझ्या मर्यादेबाहेरच.

मधल्या काळात बाजारातले नाचणीचे, मल्टिग्रेनचे, 'हेल्दी' लिहिलेले प्रकारही आणले. यावर फार लिहीत नाही. पाकीट उलटं करून मागचा तक्ता वाचा. नाचणी चांगली, तंतू आणि कॅल्शियम देणारी, पण तीही धान्यच आहे. बहुतेक पाकिटांवर कर्बोदकांचा आकडा सत्तरीच्या आसपासच होता. एक गोष्ट मात्र वाचताना लक्षात ठेवा. पास्त्याचा आकडा कोरड्या वजनाचा असतो आणि शिराताकीचा पाण्यासकट. शिजल्यावर पास्ता दुपटीहून जास्त भरतो, म्हणजे शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये पंचवीस-तीस ग्रॅम कर्बोदकं उरतात. तुलना करायची तर ताटातल्या वजनाची ताटातल्या वजनाशी करावी.

मग भाज्यांकडे वळले. गोव्याहून येणाऱ्या एका पाहुण्या बाईंनी झुकिनी, म्हणजे काकडीसारखी दिसणारी भाजी, आणून दिली, सोबत धागे काढायचं प्लॅस्टिकचं यंत्र. हँडल फिरवलं की हातभर लांब दोरे निघतात. पाहायला इतकं सुंदर की मी दोन्ही झुकिन्या एका दमात संपवल्या आणि नेहमीच्या पास्त्यासारखंच रसात टाकून झाकण ठेवलं. दहा मिनिटांनी झाकण उघडलं तर पातेल्यात सूप होतं.

इथे मला सगळ्या प्रकरणाची गोम कळली. पास्ता शिजताना पाण्यात पिष्ट सोडतो. तेच कढत पाणी डावभर रसात घातलं की रस दाटतो, चकाकतो आणि धाग्यांना धरून बसतो. भाजी याच्या नेमकी उलट. झुकिनी असो, दुधी असो की तवसं, म्हणजे मोठी काकडी, शंभरात पंचाण्णव भाग पाणी. ते रसात सुटतं आणि रसाला धरून ठेवायला पिष्ट तर नाहीच. धागे बदलले की रसही बदलायला हवा.

कॉर्नफ्लोर घालून दाट करणं म्हणजे दारातून काढलेलं खिडकीतून आत घेणं. उत्तर आमच्या पाट्यावरच होतं. भाजक्या कांदा-खोबऱ्याचं वाटण. खोबरं चांगलं तांबूस भाजून, पाणी कमीत कमी घालून, गंधासारखं बारीक वाटलं की ते भाजीचं सुटलेलं पाणी शोषून घेतं आणि धाग्याला चिकटतं. मालवणी स्वयंपाकात आपण तेच करत आलोय. पास्त्याचं नाव आलं की माझ्या डोक्यात टोमॅटो आणि चीजच यायचं, म्हणून एवढे दिवस हे सुचलं नाही.

दुधीने मला दोन धडे दिले, त्यातला एक जिवावरचा. पहिला धडा साधा. दुधीचे, पडवळाचे, तवशाचे धागे करण्याआधी कच्चा तुकडा जिभेला लावून पाहायचा. कडू लागला तर अख्खी भाजी टाकून द्यायची. कडू दुधीने माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत, शिजवून तो कडवटपणा जात नाही. एरवी भाजीत दुधी कडू निघाला तर एका घासात कळतं, पण लसूण-मिरचीच्या झणझणीत रसात तो लपू शकतो.

दुसरा धडा मार्चमधल्या एका शनिवारी रात्री मिळाला. तिन्ही खोल्या भरलेल्या. जेवणाआधीची गोळी मी साडेसातला घेतली आणि आठ वाजता दुधीचे धागे लसणाच्या फोडणीत परतून भरपूर खाल्ले. भाकरी नाही, भात नाही. पोट भरलं होतं, मी खुशीत होते. सव्वादहाला पाहुण्यांचं बिल लिहिताना बेरीज जमेना. तीनदा केली, तीनदा वेगळी आली. पाठीवरून घाम ओघळत होता, पेन धरलेला हात थरथरत होता. समोरचा पाहुणा म्हणाला, "ताई, बसा जरा." यंत्रावर साखर तपासली, ६१. सत्तरच्या खाली गेली की धोका. ह्यांनी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला दिली. पंधरा मिनिटांनी ८४ झाली, मग अर्धी भाकरी खाल्ली. तासाभराने मी ठीक होते, पण रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी डॉक्टरांना फोन केला. ते रागावले आणि त्यांचं बरोबर होतं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते, ताटात कर्बोदकं आहेत की नाहीत हे ती बघत नाही. गोळी तीच ठेवून ताटातली कर्बोदकं एका दिवसात काढून टाकली की साखर खाली घसरणारच. त्यांनी रात्रीची ती गोळी बंद केली, मधुमेहाची दुसरी गोळी, मेटफॉर्मिन, चालू ठेवली आणि पंधरा दिवस वही दाखवायला सांगितलं. हे वाचणाऱ्या कुणाला अशी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर हात जोडून सांगते, पहिला वाडगा करायच्या आधी डॉक्टरांशी बोला. गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नका आणि न सांगता भात-पोळी एकदम तोडूही नका. मी आजही साखरेची पुडी कमरेच्या पाकिटात ठेवते.

एप्रिल-मे आमच्या धंद्याचे दिवस. प्रयोगाला सवड नव्हती, पण दोन गोष्टी त्या गर्दीतच सापडल्या.

एक म्हणजे माकूल, इंग्रजीत स्क्विड म्हणतात ते. मालवणच्या किनाऱ्यावर संध्याकाळी लिलावात मध्यम आकाराची माकुलं स्वस्त मिळाली. नेहमी आम्ही चकत्या करतो. या वेळी पोटातली काडी आणि शाईची पिशवी काढली, वरची जांभळट साल ओढली, नळी उभी चिरून पसरवली आणि धारदार सुरीने लांब लांब, काडीएवढ्या पट्ट्या कापल्या. कढत तेलात लसूण, ठेचलेली मिरची, वर या पट्ट्या आणि घड्याळ लावून दीड मिनिट. त्याहून जास्त झालं की रबर होतं आणि मग ते पुन्हा मऊ करायला पाऊण तास शिजवावं लागतं. पट्ट्या पांढऱ्याशुभ्र होऊन किंचित वळल्या. वरून आगळाचा, म्हणजे कोकमाच्या आंबट रसाचा, एक चमचा. पाहुण्यांच्या आठ वर्षांच्या मुलीने "हा कुठला पास्ता?" म्हणून दोनदा मागून खाल्ला. वहीत आधी १२१, नंतर १३०. पोटही भरतं, कारण यात प्रथिनं आहेत. भाजीच्या धाग्यांनी तासाभरात भूक लागते, माकुलाने लागत नाही. पण पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की माकूल नाही.

दुसरी गोष्ट शहाळं. पाहुणे पाणी पिऊन शहाळं टाकून देतात. गाडीवाला विचारतो, "पाणीवालं की मलईवालं?" या दोहोंच्या मधलं एक असतं, ज्याची मलई चमच्याने खरवडावी लागत नाही, कवटीवरून अख्खी पातळ चादर सुटून येते. तिच्या पट्ट्या कापल्या की रुंद पास्त्यासारख्याच दिसतात, तशाच गुळगुळीत लागतात आणि शिजवायची गरज नाही. लिंबू, मिरची, कोथिंबीर, चिमूटभर मीठ. नंतरची साखर १४८ आली. मला वाटलं सापडलं! पण लागोपाठ चार दिवस खाल्ल्यावर पोट जड झालं. त्यात कर्बोदकं कमी असली तरी खोबऱ्याची चरबी थोडी नाही. आता दुपारी कधीतरी, एका शहाळ्याची, एवढंच.

जूनमध्ये पाऊस लागला, पाहुणे थांबले आणि मांडवावर पडवळ आलं.

पडवळाचा मी विचारच केला नव्हता. पडवळ म्हणजे चण्याच्या डाळीची भाजी, फार तर भरलेल्या चकत्या. पण हातात धरलं आणि जाणवलं, हे तर आधीच लांब आहे. यंत्र लागत नाही. वरची राखट पूड सुरीच्या पाठीने खरवडली, वीतभर लांब तुकडे केले, प्रत्येक तुकडा उभा चिरून बोटाने आतला कापूस आणि बिया ओढून काढल्या. उरली ती दोरीच्या जाडीची, घट्ट, फिकट हिरवी भिंत. ती पाटावर उलटी पालथी पसरून एकावर एक तीन थर ठेवले आणि लांबीच्या दिशेने बारीक चिरत गेले. दुधीचे धागे तुटतात, कारण त्याचा गर भुसभुशीत. पडवळाच्या गरात जीव आहे. मीठ चोळून वीस मिनिटं ठेवले, दोन्ही मुठींनी पिळले. वाटीभर पाणी निघालं. मग मोदकपात्रात केळीच्या पानावर पसरून पाच मिनिटांची वाफ. पाण्यात उकळायचे नाहीत, नाहीतर पिळलेलं पाणी परत आत जातं.

"ह्यां काय गो? पडवळाचे दोरे कित्याक काढतंस?" सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, जेवायला बसा, मग सांगते.

त्या दिवशी सुक्या जवळ्याचा रस केला होता. जवळा भाजून, कांदा परतून, भाजक्या खोबऱ्याचं दाट वाटण, दोन आमसुलं. गॅस बंद करून मग धागे घातले आणि दोन चमच्यांनी नुसते खालीवर केले. वाटण प्रत्येक धाग्याला लागलं. उचलले तर खाली पाण्याचं तळं नाही. दाताखाली किंचित कर्र आणि मग मऊ. पडवळाचा तो हिरवट वास जवळ्यात मुरून गेला होता. सासूबाईंनी एक घास खाल्ला, मग काही न बोलता ताटली पुढे केली. दुसऱ्यांदा वाढल्यावर म्हणाल्या, "शिरवाळे ते शिरवाळेच. पण ह्यां बरां लागता." त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि जेवणाच्या बाबतीत कुणाची भीड ठेवत नाहीत. माझ्या वहीत तेव्हा १२६ वरून १४१.

त्यानंतर आठवड्यातून तीन-चार रात्री पडवळच. कधी टोमॅटो-लसूण दाट आटवून, कधी अंड्याची पातळ पोळी वळकटीसारखी गुंडाळून तिच्या पट्ट्या पडवळात मिसळून, म्हणजे भूक टिकते. पाहुणे असले आणि खरा पास्ता केलेला असला तर त्यातला थोडा मीही घेते, कोरडा मोजून तीस ग्रॅम, वर दुप्पट पडवळ. तेव्हा साखर १६०-१६५ पर्यंत जाते, मर्यादेच्या आत राहते. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, पास्ता विष नाही, वाडग्याचं माप चुकलेलं होतं. मला हे ऐकून खूप हलकं वाटलं. आवडती गोष्ट कायमची गेली असं मनात धरून सहा महिने काढणं सोपं नसतं.

जुलैच्या शेवटी एचबीएवनसी ७.२ आली. सगळं श्रेय पडवळाला देणार नाही. मी रोज देवबागच्या रस्त्याने चाळीस मिनिटं चालत होते, दुपारचा भात अर्धा केला होता. पण रात्रीचा तो वाडगा बदलल्याशिवाय हे झालं नसतं, वहीच सांगते.

शिरवाळे वर्षातून दोनदा होतातच. तेव्हा मी दोन घावनांएवढे घेते, रसात गूळ नाममात्र, आणि त्या दिवशी भात नाही.

आता एकच अडचण उरली होती. आमच्या मांडवावरची पडवळं वाकडी वाढत होती, कोयत्यासारखी, आणि वाकड्या पडवळाचे लांब धागे निघत नाहीत. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "दगड बांध मगे." पडवळ बोटभर झालं की त्याच्या शेंड्याला छोटा दगड सुंभाने बांधायचा, वजनाने ते सरळ खाली उतरतं. आज सकाळी पाऊस जरा उघडला तेव्हा छत्री सासूबाईंनी धरली आणि मी सात पडवळांना दगड बांधले.